विश्लेषण : ‘बायका गोळ्या घेत नाहीत’ हा दोष कुणाचा? एचआयव्ही रोखणाऱ्या ‘प्रेप’चे गणित नेमके कुठे चुकते?

एचआयव्हीची लागण होण्याआधीच ती रोखणारी गोळी उपलब्ध होऊन दशकभराहून अधिक काळ लोटला. रोज एक गोळी न चुकता घेतली तर लागणीचा धोका कमालीचा कमी होतो, हे वारंवार सिद्ध झाले आहे. तरीही जिची गरज सर्वांत जास्त, त्या देहविक्रय करणाऱ्या महिलांमध्ये ही गोळी मधेच सुटण्याचे प्रमाण अनेक देशांत मोठे आहे. त्यावर ठरलेला शेरा असतो, ‘बायका गोळ्या घेत नाहीत.’ पण हीच गोळी कोलकाता आणि म्हैसूरमधील याच व्यवसायातील महिलांनी महिनोन् महिने घेतली आणि त्यांच्यापैकी एकीलाही लागण झाली नाही. म्हणजे दोष बाईच्या शिस्तीत नसून गोळीभोवतीच्या व्यवस्थेत आहे. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे स्वस्त इंजेक्शन दाराशी आले असताना हा फरक नीट समजून घेतला नाही, तर जुनीच चूक नव्या औषधाने होईल.

‘प्रेप’ म्हणजे काय?

एचआयव्हीची लागण नसलेल्या, पण ती होण्याचा धोका असलेल्या व्यक्तीने आधीपासून घ्यायचे औषध म्हणजे ‘प्रेप’. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन या दोन औषधांच्या एकत्रित गोळीला अमेरिकेत जुलै २०१२ मध्ये या वापरासाठी मान्यता मिळाली. लागणीचा मोठा धोका असलेल्या सर्वांना प्रेप उपलब्ध करून द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली. सुरू करण्याआधी एचआयव्ही चाचणी करावी लागते. मूत्रपिंडाचे काम आणि हिपॅटायटिस बी तपासणेही योग्य मानले जाते. पुढे साधारण दर तीन महिन्यांनी चाचणी करावी लागते. सुरुवातीचे काही दिवस मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे असा त्रास काहींना होतो. बहुतेकींचा तो आपोआप थांबतो.

ही लस नव्हे. शरीर काही शिकून ठेवत नाही. जोपर्यंत रक्तात आणि पेशींत औषध पुरेसे आहे तोपर्यंतच संरक्षण. म्हणूनच ‘औषध चांगले आहे का’ या प्रश्नाइतकाच ‘ते रोज पोटात जाते का’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

महिलांच्या बाबतीत नियमितपणा अधिक महत्त्वाचा का?

टेनोफोविर गुदमार्गाच्या ऊतींत जितके साठते त्याच्या तुलनेत योनीमार्गाच्या ऊतींत बरेच कमी साठते. त्यामुळे समलिंगी पुरुषांना आठवड्यातून एखाददोन गोळ्या चुकल्या तरी बऱ्यापैकी संरक्षण मिळते. संबंधाच्या आधी आणि नंतर मोजक्या गोळ्या घेण्याची पद्धतही त्यांना चालते. महिलांना ही सवलत नाही. त्यांना जवळपास रोज गोळी घ्यावी लागते आणि पुरेसे संरक्षण मिळायलाही पहिले काही दिवस जावे लागतात. थोडक्यात, ज्या महिलेचा दिवस सर्वांत अनिश्चित, तिच्याकडूनच हे औषध सर्वांत काटेकोर शिस्त मागते. याची जाणीव न ठेवता कार्यक्रम आखले गेले, तिथे ते फसले.

आफ्रिकेतील चाचण्यांत काय दिसले?

‘फेम-प्रेप’ ही चाचणी केनिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील दोन हजारांहून अधिक महिलांवर झाली. खरी गोळी मिळालेल्या गटात ३३ आणि औषध नसलेली गोळी मिळालेल्या गटात ३५ महिलांना लागण झाली. म्हणजे फरक जवळपास शून्य. २०११ मध्ये चाचणी थांबवावी लागली. आपण गोळ्या नियमित घेत असल्याचे बहुतेक महिला सांगत होत्या. रक्ततपासणीत मात्र ४० टक्क्यांहून कमी महिलांमध्ये औषध आढळले.

दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतील ५,०२९ महिलांच्या ‘व्हॉइस’ चाचणीतही हेच घडले. महिलांनी सांगितलेला नियमितपणा ९० टक्क्यांच्या आसपास होता, पण रक्तात औषध सापडले ते साधारण दहापैकी तीन नमुन्यांत. या चाचण्या केवळ देहविक्रय करणाऱ्या महिलांपुरत्या नव्हत्या. मात्र दक्षिण आफ्रिकेत २०१५ ते २०१७ या काळात जोहान्सबर्ग आणि प्रिटोरिया येथे खास या व्यवसायातील महिलांना प्रेप देण्याचा प्रकल्प झाला. त्यात प्रेप सुरू केलेल्या २१९ महिलांपैकी वर्षभरानंतर जेमतेम २२ टक्के टिकल्या.

हे आकडे पाहून ‘महिला खोटे बोलतात’ असे म्हणणे सोपे आहे. ‘व्हॉइस’च्या संशोधकांनी नंतर महिलांसमोर त्यांच्याच रक्ततपासणीचे निकाल ठेवून कारणे विचारली, तेव्हा वेगळे चित्र समोर आले. त्यांना दुष्परिणामांची भीती होती. गोळी आजारी माणसाने घ्यायची असते, धडधाकट बाईने का घ्यावी, असे वाटत होते. नवऱ्याला किंवा सासरच्यांना डबी सापडली तर काय, ही धास्ती होती. शिवाय आपल्याला मिळालेली गोळी खरी की औषध नसलेली, हेच ठाऊक नव्हते. म्हणजे त्या बेफिकीर नव्हत्या. त्यांनी आपल्या परीने हिशेब केला होता आणि त्या हिशेबात गोळीचे पारडे हलके पडले होते.

देहविक्रय करणाऱ्या महिलेच्या हातून गोळी सुटते कशी?

हा हिशेब वस्तीतील महिलेचा असेल तर आणखी अवघड होतो. आरोग्य खात्याचा सल्ला असतो, ‘रोज ठरलेल्या वेळी घ्या.’ पण रात्री धंदा, पहाटे झोप, दुपारी दिवस सुरू होणार, त्यातही गिऱ्हाईक आले की जेवणाची वेळ चुकणार. ‘रात्रीच्या जेवणानंतर’ ही वेळ तिच्या घड्याळात नसतेच. दारूचा प्रश्न वेगळाच. गिऱ्हाईकासोबत प्यावी लागते, आणि ‘दारूवर गोळी घेतली तर अपाय होईल’ या समजुतीने त्या दिवशीची गोळी राहते. मद्याने टेनोफोविरचा परिणाम नाहीसा होत नाही. पण हे तिला कुणी सांगितलेले नसते.

दुसरी अडचण डबीची. टेनोफोविर हे एचआयव्हीबाधितांच्या नेहमीच्या उपचारातलेही औषध आहे. एआरटी केंद्रातून मिळते तशीच डबी उशाखाली दिसली की घरवाली, शेजारची मुलगी, गिऱ्हाईक सगळ्यांचा एकच निष्कर्ष, ‘हिला झालाय.’ या व्यवसायात ही कुजबुज म्हणजे थेट पोटावर पाय. लागण टाळण्यासाठी घेतलेली गोळीच लागणीचा पुरावा ठरत असेल, तर ती लपवणे किंवा फेकून देणे हा शहाणपणाच आहे.

तिसरी बाब नात्याची. गिऱ्हाईकासोबत कंडोमचा आग्रह धरणारी महिला आपल्या कायमच्या जोडीदाराकडे तो धरू शकत नाही. सोनागाचीत त्याला ‘बाबू’ म्हणतात, सांगली-मिरजेकडे ‘मालक’. तिथे कंडोम हा अविश्वासाचा पुरावा ठरतो. खरे तर प्रेप सर्वांत उपयोगी पडते ते इथेच, कारण ते घेण्यासाठी पुरुषाची परवानगी लागत नाही. पण त्याच खोलीत, त्याच माणसाच्या नजरेसमोर डबी ठेवायची असते.

आणि चौथी, फिरस्तीची. सणासुदीला गावी जाणे, जत्रा-उरुसाला दुसऱ्या जिल्ह्यात जाणे, छापा पडला की रातोरात शहर सोडणे हे नेहमीचे. गोळ्या मागे राहतात. नव्या गावात त्या कुठे मिळतील, हे ठाऊक नसते. आता मोबाइलवर ठरणारा, लॉज आणि भाड्याच्या खोल्यांतून चालणारा व्यवसाय वाढला आहे. या महिला ठरलेल्या वस्तीत सापडत नाहीत आणि आपली ओळख कोणत्याही सरकारी नोंदवहीत येऊ नये, अशीच त्यांची इच्छा असते.

मग कोलकाता आणि म्हैसूरमध्ये काय वेगळे झाले?

भारतात देहविक्रय करणाऱ्या महिलांसाठी प्रेपचे दोन प्रात्यक्षिक प्रकल्प झाले. कोलकात्यात सोनागाचीतील ‘दरबार महिला समन्वय समिती’ने आणि म्हैसूरमध्ये ‘अशोदया समिती’ने ते चालवले. दोन्ही संस्था या व्यवसायातील महिलांच्या स्वतःच्या आहेत. सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पातून पुढे १९९५ मध्ये ‘दरबार’ उभी राहिली. ‘अशोदया’चे काम २००० च्या दशकातले. दोन्हीकडे मिळून तेराशेहून अधिक महिलांनी प्रेप सुरू केले. बहुसंख्य शेवटपर्यंत टिकल्या. म्हैसूरमध्ये तर गळती नगण्य होती. प्रकल्पाच्या काळात एकाही सहभागी महिलेला लागण झाली नाही. काही महिलांचे रक्त तपासले गेले, तेव्हा त्यातील बहुतेकींमध्ये औषध सापडले. ‘व्हॉइस’मधली बोलणे आणि रक्त यांतली दरी इथे तितकी दिसली नाही.

गोळी आफ्रिकेत दिली गेली तीच होती. वेगळी होती ती तयारी. गोळी वाटण्याआधी वस्तीत दीर्घकाळ चर्चा झाल्या. ही गोळी का, कुणासाठी, पोटात गेल्यावर काय होते, मुलाला अंगावर पाजत असेन तर काय, असे प्रश्न महिलांनीच विचारले आणि उत्तरे मिळेपर्यंत विचारले. घरोघर जाऊन विचारपूस करणारी कार्यकर्ती परकी नव्हती, त्याच व्यवसायातली होती. दारू, गिऱ्हाईक, मालक यांबद्दल तिच्याशी लाज न बाळगता बोलता येत होते. ‘काल राहिली’ असे सांगितल्यावर ओरडा बसणार नाही, याची खात्री होती. मळमळ सुरू झाली तर ‘मलाही झाली होती, आठवड्यात थांबली’ असे सांगणारी बाई शेजारीच होती. दवाखानाही आपल्याच संस्थेचा.

यातला शेवटचा धागा सर्वांत महत्त्वाचा. खरे बोलल्याने काही गमवावे लागत नाही, असा विश्वास असेल तरच गोळी चुकल्याचे कळते. आणि कळले तरच ती पुन्हा सुरू करता येते. नियमितपणा म्हणजे एकही गोळी न चुकणे नव्हे. चुकल्यावर परत येण्याची वाट मोकळी असणे, हा त्याचा व्यवहारातला अर्थ आहे.

या यशाला मर्यादा नाहीत का?

आहेत, आणि त्या मान्य केल्याच पाहिजेत. दोन्ही प्रकल्पांत तुलनेसाठी गोळी न घेणारा गट नव्हता. सहभागी महिला स्वेच्छेने आल्या होत्या, म्हणजे मुळातच उत्सुक होत्या. दोन्ही ठिकाणी कंडोमचा वापर आधीपासून चांगला होता. त्यामुळे ‘एकही लागण नाही’ याचे सारे श्रेय गोळीला देता येणार नाही. शिवाय ज्या संस्थांना वस्तीत रुजायला दहा-वीस वर्षे लागली, तसे काम सहा महिन्यांच्या निविदेवर दुसरीकडे उभे राहील, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

पण या मर्यादांमुळे मूळ मुद्दा कमकुवत होत नाही, उलट पक्का होतो. गोळी एकटी काम करत नाही. तिच्याआधी कंडोम, तपासणी, दवाखाना आणि संघटना यांची जमीन तयार असावी लागते.

सहा महिन्यांच्या इंजेक्शनने प्रश्न सुटेल?

बराचसा सुटू शकतो. ‘लेनाकॅपाविर’ हे इंजेक्शन वर्षातून दोनदा घ्यायचे असते. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील तरुणींवर झालेल्या ‘पर्पज-१’ चाचणीत ते घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. त्याच चाचणीत रोजची गोळी दिलेल्या गटांत मात्र लागण होत राहिली, कारण पुन्हा तेच, गोळ्या नियमित घेतल्या गेल्या नाहीत. २०२४ मध्ये हे निष्कर्ष आले, जून २०२५ मध्ये अमेरिकेने या इंजेक्शनला मान्यता दिली आणि पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. डबी नाही, खुळखुळणाऱ्या गोळ्या नाहीत, मालकापासून लपवायचे काही नाही. वस्तीतल्या महिलेच्या दृष्टीने हा फार मोठा दिलासा आहे.

किमतीचा प्रश्नही हलला आहे. अमेरिकेत या औषधाची जाहीर किंमत वर्षाला २८ हजार डॉलरहून अधिक आहे. पण मूळ कंपनीने ज्या सहा कंपन्यांना १२० देशांसाठी स्वस्त उत्पादनाचे परवाने दिले, त्यांत डॉ. रेड्डीज, हेटेरो आणि पुण्याची एमक्युअर या भारतीय कंपन्या आहेत. यांपैकी डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांच्याशी झालेल्या करारांनुसार २०२७ पासून हे औषध वर्षाला सुमारे ४० डॉलर, म्हणजे साधारण साडेतीन हजार रुपयांत देण्याचे जाहीर झाले आहे.

तरीही वर्षातून दोनदा कुणीतरी तिला शोधून आणावे लागणारच. पहिल्या इंजेक्शनसोबत दोन दिवस गोळ्याही घ्याव्या लागतात. दर खेपेला चाचणी करावी लागते. आणि दुसरे इंजेक्शन चुकले तर औषध शरीरातून हळूहळू, कित्येक महिने उतरत राहते. संरक्षणाला पुरेसे नाही, पण विषाणूला औषधाची सवय लावायला पुरेसे, असा तो काळ धोक्याचा. या काळात लागण झाली तर विषाणू औषधाला दाद न देण्याची शक्यता वाढते. रोजची गोळी सुटली तर एक दिवस वाया जातो, इंजेक्शन सुटले तर सहा महिने. म्हणून माणसांची गरज कमी होत नाही, तिचे वेळापत्रक तेवढे बदलते.

ही माणसे काढून घेतली की काय होते, हे दक्षिण आफ्रिकेत दिसले आहे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि तिथले देहविक्रय करणाऱ्या महिलांसाठीचे दवाखाने बंद पडले. औषध जगात होतेच. ते हातात देणारे दार बंद झाले.

यात कायदा आणि पोलिस कुठे येतात?

देहविक्रयाशी संबंधित १९५६ चा कायदा, छापे आणि ‘सुधारगृहे’ यांचा गोळीशी काय संबंध, असे वाटू शकते. संबंध थेट आहे. छाप्यात उचललेल्या महिलेची डबी खोलीवरच राहते. आणि जवळ औषध किंवा कंडोम सापडणे हाच पुरावा मानला जाईल अशी भीती असेल, तर ते जवळ बाळगणेच बंद होते. सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात १९ मे २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत, कंडोमसारखी आरोग्यरक्षणाची साधने गुन्हा किंवा गुन्ह्याचा पुरावा समजू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. हे निर्देश पोलिस ठाण्यापर्यंत पोहोचले तर तेही एक प्रकारे औषधच ठरेल.

प्रेपमुळे कंडोम मागे पडेल का?

ही भीती अनाठायी नाही. प्रेप सिफिलिस, गोनोरिया किंवा नको असलेली गर्भधारणा रोखत नाही. ‘हिला लागण होत नाही’ असे समजले की गिऱ्हाईक कंडोमशिवाय जास्त पैसे देऊ करेल, हा धोका वस्तीतल्या महिलांनीच सर्वांत आधी ओळखला. म्हणून प्रेप हे कंडोमच्या जोडीला आहे, त्याच्या बदल्यात नाही, हे पहिल्या दिवसापासून सांगावे लागते. तसेच प्रेप कधीही सक्तीचे होता कामा नये. घरवालीने किंवा अधिकाऱ्याने ‘गोळी घेतलीस तरच’ अशी अट घातली, तर ते औषध न राहता नियंत्रणाचे साधन होते.

महाराष्ट्राने काय करायला हवे?

देशात २०२१ च्या सर्वेक्षणात देहविक्रय करणाऱ्या महिलांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण १.८५ टक्के आढळले. सर्वसाधारण प्रौढ लोकसंख्येत ते ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. त्याच वेळी सोनागाचीशी नाते सांगणारी परंपराही याच राज्यात आहे. सांगलीत ‘संग्राम’ आणि ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’, पुण्याच्या बुधवार पेठेत ‘सहेली संघ’ यांनी हा धडा नव्वदच्या दशकापासून गिरवला आहे. म्हणजे जमीन तयार आहे, नव्याने नांगरायची नाही.

तेव्हा खरा निर्णय औषध कोणते घ्यायचे, हा नाही. औषधाच्या अंदाजपत्रकात ते पोहोचवणाऱ्या महिलांच्या मानधनाची ओळ असेल का, हा आहे. वस्तीतली कार्यकर्ती तुटपुंज्या मानधनावर, तेही वेळेवर मिळेल की नाही या अनिश्चिततेत, हे सारे काम करते. तिला कायमचे, वेळेवरचे वेतन द्यावे. कोणत्याही जिल्ह्यात नाव-गाव न विचारता उरलेल्या गोळ्या किंवा पुढचे इंजेक्शन मिळावे. दवाखाना दुपारी आणि संध्याकाळीही उघडा असावा. एआरटीच्या डबीहून वेगळे, साधे पाकीट असावे. गोळी आणि इंजेक्शन दोन्ही समोर ठेवून निवड तिच्यावर सोडावी. यातले काहीही महाग नाही.

आणि कार्यक्रमाचा हिशेब मांडतानाही प्रश्न बदलावा लागेल. ‘किती जणींनी गोळी सोडली’ हे विचारणे सोपे आहे. ‘सोडणाऱ्या किती जणींकडे आपण पुन्हा गेलो’ हे विचारले, तर उत्तर व्यवस्थेला द्यावे लागेल. सोनागाची आणि म्हैसूरने ते दिले होते.